मानकात बसलेली खाडी

मधूभावोजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेणच्या घरी मेथी निवडत बसले होते. माझ्या धाकट्या जावेला धड बोलता येत नव्हतं. "ताई... चहा घेतला आणि मान टाकली," एवढंच ती म्हणाली. भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर, रोहा आणि पेणच्या कोर्टात वकिली करणारे मधुकर म्हात्रे. मी आणि आमचे हे तसेच निघालो. त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांतलं मला फारसं आठवत नाही, पण रोह्याच्या नाक्यावरचा तो फ्लेक्स आठवतो. काळ्या कोटातला भावोजींचा हसरा फोटो, "आमचे मार्गदर्शक हरपले", आणि खाली त्यांच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत एका कंपनीचं नाव. हो, तीच कंपनी! जिच्या खाडीत घाण सोडणाऱ्या पाइपाविरुद्ध या माणसाने जन्मभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, तिला आता ते मार्गदर्शक वाटत होते. मड्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात असं ऐकलं होतं, त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. आमचे हे म्हणाले, "जाऊ दे गो, गेलेल्या माणसामागं तमाशा नको." तमाशा केला नाही मी. पण जी शिसारी आली ती अजून गेलेली नाही, आणि हे जे लिहिते आहे ते त्या शिसारीतूनच. कुणाला गोडगोड वाचायचं असेल तर त्यांनी नाक्यावर जावं, फ्लेक्स अजून फाटलेला नाही.

मी पेणची, शाळामास्तरीण. लग्न होऊन खाडीकाठच्या आमच्या गावी आले तेव्हा भावोजी अर्ध्या चड्डीत होते. सासरे मिठागरावर राबायचे आणि तिन्हीसांजेला जाळं घेऊन खाडीत उतरायचे. नव्या नवरीला चिखलात चालता येत नाही याची त्या घरात कोण मजा! भावोजी मला निवट्या, चिखलात उड्या मारणारे ते छोटे मासे, धरायला घेऊन गेले, "वहिनी, पाय उचलू नको, सरकव" म्हणाले, आणि मी नव्याकोऱ्या लुगड्यानिशी बसकण मारली. ते हसून हसून स्वतःही पडले. त्या चिखलाला एक खारट, बरा वास यायचा. अंगावर वाळला की हाताने झटकायचा आणि घरी जायचं, बस. पुढे वरच्या अंगाला कारखाने आले. गावातली पोरं शिफ्टला जायला लागली, घरावर स्लॅब पडले, आम्हालाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग एका वर्षी सासऱ्यांनी आणलेली बोईट मी तव्यावर टाकली आणि घरभर फिनेलचा वास सुटला. दवाखान्यात फरशी पुसल्यावर येतो ना, तस्सा. मी तव्यासकट मासा उकिरड्यावर फेकला. सासरे नुसत्या भातावर आमटी घेऊन जेवले.

भावोजी वकील झाल्यावर त्यांनी पहिली तक्रार केली ती याच वासाची. स्वतः बाटलीत पाणी भरून घेऊन गेले. उत्तर आलं, तुमची बाटली चालत नाही. नमुना घ्यायचा तर तो सरकारी माणसाने, कंपनीला कळवून, कंपनीच्या माणसासमोर, सील करून! म्हणजे चोराला आधी निरोप धाडायचा की बाबा, अमुक वाजता झडती आहे, घर आवरून ठेव. आणि हे साहेब लोक यायचे कधी, तर ऐन भरतीला. समुद्राचं पाणी वर चढून सगळं पातळ झालेलं, तेव्हा बाटली बुडवायची आणि शेरा मारायचा, 'सर्व घटक मानकात.' मानक म्हणजे सरकारने ठरवलेली मर्यादा. एवढ्या पाण्यात एवढं विष चालेल, त्यावर नको.

"मग मर्यादा ओलांडली कुणी?" मी विचारलं. भावोजी पेणच्या कोर्टात तारीख असली की माझ्याकडे जेवायला असायचे. मी त्यांना अहोजाहो करायचे, ते मला अगंतुगं.

"कुणीच नाय. आता बघ, शेजारच्या दहा घरांनी तुझ्या आमटीत एकेक चिमूट मीठ टाकलं. चिमूटभराला परवानगी हाय. सांग, गुन्हेगार कोण?"

"आमटी खायची कुणी?"

"तूच. आणि तक्रार करायची नाय, प्रत्येकाची चिमूट कायद्यात बसते."

शिवाय यादीत ज्या रसायनाचं नावच नाही त्याला मर्यादा नाही, आणि मर्यादाच नाही तर ती ओलांडणार कशी? भावोजी हे हसत हसत सांगायचे. मी म्हणायचे, "तुमचा हा कायदा चुलीत घाला." ते म्हणायचे, "चुलीत घातला तर उद्या दारात आणून सोडतील पाणी. आहे तो धरूनच बसायला हवं." आणि वर दोन तळलेल्या कोलंब्या मागायचे. पेणच्या बाजारातल्या.

तसे ते काही संत नव्हते. रमीत लांड्यालबाड्या करायचे, धाकट्या जावेवर विनाकारण खेकसायचे, आणि पैसे देणाऱ्या पक्षकाराच्या तारखेला बोंब पण खाडीच्या तारखेला इस्त्रीचा कोट. जाऊ कंटाळून म्हणायची, "त्या खाडीशीच लगीन लावायचं होतं." एकदा मात्र मी त्यांना खरे भडकलेले पाहिले. खाडीचं पाणी मानकात आहे असं लिहून देणारा एक साहेब जाता जाता कानाशी लागला. म्हणाला, "वकीलसाहेब, तुमच्याकडचा जिताडा फार ऐकलाय, घरी पाहुणे आहेत..." आमच्या भागात साहेबाला जिताड्यासारखा भारी मासा पोचवणं ही काही नवी गोष्ट नव्हे. भावोजी हो म्हणाले. तर तो कसा म्हणतो, "पण खाडीतला नको हां. तळ्यातला बघा." शी! स्वतःच्या सहीवर स्वतःच्या पाहुण्यांना जेवू घालायची याची छाती नाही. भावोजी त्याला जे बोलले ते इथे छापता येणार नाही.

खरा घात पुढेच होता. कंपनीच्या वकिलाने नवीनच टूम काढली. कायदा पाण्याची प्रतवारी त्याच्या वापरावरून करतो. जिथे लोक मासेमारी करतात, आंघोळ करतात, त्या पाण्याला मर्यादा कडक. जिथे नुसत्या बोटी चालतात आणि कारखान्याची यंत्रं थंड होतात, तिथे सैल. त्याचं म्हणणं, या खाडीत आता कुणी मासे धरत नाही, कुणी उतरत नाही, तेव्हा तिला खालच्या वर्गात टाका. खालच्या वर्गात गेली की आजचं सगळं घाण पाणी एका दिवसात कायदेशीर. म्हणजे आधी गळा दाबायचा आणि मग म्हणायचं, हा कुठे श्वास घेतोय!

चौकशीला समिती गावात आली. धक्क्यावर खुर्च्या मांडल्या, थंडा आला. भावोजींची मुख्य साक्षीदार राधाबाय, रोह्याच्या बाजारात मासळी विकणारी. मासे कमी झाले, वास मारतात, पण आम्ही अजून याच खाडीवर जगतो, एवढं तिने सांगायचं होतं. साहेबांनी विचारलं, "मासे कसे असतात इथले?" बाय खाडकन बोलली, "कसं म्हंजे? फडफडीत ताजं म्हावरं! वास घेऊन बघा, सोनं हाय सोनं!" भावोजींनी कपाळाला हात लावला. तिच्यामागून म्हातारा गणूदादा उठला, त्याला राहवेना. "खोटं बोलते साहेब! एक मासा नाय खाडीत. मेली खाडी. आमी जाळं टाकायचंच सोडलंय." दोन्ही लिहून घेतलं. कंपनीचा वकील खूश. मासे चांगले असतील तर नुकसान काय? आणि नसतील तर मासेमारी कुठली? आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.

मी राधाबायला झापायला निघाले होते. भावोजींनी मला अडवलं. ती स्वतःच जवळ आली, पदराने तोंड पुसत म्हणाली, "वकीलदादा, माझ्या टोपलीतलं म्हावरं वाईट हाय, ह्ये माझ्या तोंडातून कसं निघंल? आयशीनं शिकवलंच नाय. उद्या बाजारात कोण उभं करील मला?" भावोजी म्हणाले, "बरोबर हाय तुझं. मीच विचारायला नको होतं." त्या रात्री ते जेवले नाहीत. "वहिनी, खरं बोलली तर धंदा बुडतो आणि खोटं बोलली तर खाडी बुडते... असा प्रश्नच विचारायचा कशाला माणसाला?" एवढंच बोलले. निकाल लागला नाही, तारखा पडत राहिल्या, आणि त्यातच ते गेले.

दहाव्याला आम्ही सगळे खाडीवर जमलो. पिंड झाले, कावळा शिवला, आणि आंघोळीची वेळ आली तर टेम्पोतून पाण्याचे जार उतरायला लागले. निळे, बाजारचे. पुतण्या म्हणाला, "काकी, खाडीत उतरलं की अंगाला खाज सुटते, म्हणून मागवले." त्याचं काही चुकलं नव्हतं. पण समोर कंपनीचा जनसंपर्कवाला पांढऱ्या शर्टात उभा, एका हातात पुष्पचक्र, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि तो फोटो काढत होता. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मधू म्हात्र्याच्या दहाव्यालासुद्धा कुणी खाडीत उतरलं नाही, हा फोटो पुढच्या तारखेला कोर्टात! भावोजींच्या सगळ्या हयातीवर त्यांच्याच घरच्या आंघोळीने बोळा फिरवायचा?

मी जार तिथेच उपडा केला आणि साडी खोचून निघाले. हे ओरडले, "अगो, वय काय तुझं!" मी पाय न उचलता सरकवत गेले. गुडघ्यापर्यंत पाणी, कंबरेपर्यंत, वर तेलकट तवंग आणि तोच मेला फिनेलचा वास. नाक दाबलं आणि डुबकी मारली. वर आले तर मागे हे, पुतण्या, गणूदादा, आणि बायकांत सगळ्यांत पुढे राधाबाय, शिव्या घालत. "काढ रं आता फोटो, मेल्या! काढ!" जनसंपर्कवाल्याने मोबाइल खिशात टाकला.

आठवडाभर आम्ही सगळे लालभडक झालो होतो. डॉक्टरने मलम दिलं. माझ्या मनगटावर अजून खाज आहे, लिहिता लिहिता थांबून खाजवावं लागतं, आणि दर वेळी भावोजी आठवतात. चांगली आठवण ठेवून गेले म्हणायचे! पुढच्या महिन्यात तारीख आहे आणि या वेळी साक्ष माझी आहे. समोरचा वकील विचारणार, बाई, पाणी चांगलं की वाईट? वाईट म्हणाले तर तो म्हणेल, मग यात आंघोळ कोण करतं? चांगलं म्हणाले तर म्हणेल, मग तक्रार कसली? मी बाह्या वर करून हात पुढे करणार आहे. साहेब, पाणी वाईट आहे, आणि आम्ही त्यात उतरतो. दोन्ही लिहा.