पश्चिमेकडचा खांब

नकाशांच्या बाबतीत मी चुकत नाही, असं मी त्या काळात सगळ्यांना सांगत असे, आणि ते फारसं खोटंही नव्हतं. कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोतल्या एका कंपनीत मी नकाशांचं सॉफ्टवेअर लिहायचे. दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधून चारचौघांत दाखवायची मला भारी हौस. नवरा म्हणायचा, "तुला पगार कोड लिहायचा मिळतो की लोकांना रडवायचा?" तो नागपूरचा, मी पुण्याची. टोमण्यांना आमच्या घरात तोटा नव्हता.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात आम्हा दोघांना सोनं शोधायचं वेड लागलं. ओळखीची मराठी मंडळी शनिवारी पॉटलकची, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाची, तयारी करत, तेव्हा आम्ही पोळीभाजीचा डबा आणि दोन फावडी गाडीत टाकून सिएरा पर्वताच्या पायथ्याकडे निघालेलो असायचो. साडेतीन तासांचा ड्राइव्ह. तिथल्या ओढ्यांत आजही हौशी लोक पसरट थाळीसारख्या पॅनमध्ये वाळू घोळवत बसतात. मिळतं ते नखावर मावेल इतकं. पण काळ्या रेतीच्या कडेला एक पिवळा कण दिसला की कंबरदुखी विसरायला होते.

पॅन कसा फिरवायचा हे आम्हाला तिथल्याच एका म्हाताऱ्या अमेरिकन गृहस्थांनी शिकवलं. पंचाहत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर लाकडाचे ट्रक चालवलेले, कमी बोलणारे. आपापसात आम्ही त्यांना काका म्हणायचो. सरकारी जमिनीवर सोनं काढायचा हक्क नोंदवता येतो, त्याला क्लेम म्हणतात. एका पूर्व-पश्चिम वाहणाऱ्या ओढ्याचा लांबलचक तुकडा काकांच्या क्लेममध्ये होता. त्याच्या पश्चिम टोकाजवळ एक प्रचंड खडक होता. पाणी त्याला वळसा घालताना मंदावतं, आणि जड सोनं त्याच्या मागे तळाला बसतं. काकांच्या गुडघ्यांना उतरता येईल अशी पायवाटही तेवढ्याच जागी होती. बाकीचा ओढा त्यांच्यासाठी असून नसल्यासारखा.

मी माझ्या खिशातल्या छोट्या कॉम्प्युटरसाठी घरीच एक प्रोग्राम लिहिला होता. जुना सरकारी नकाशा स्कॅन करून त्यात टाकलेला, त्यावर क्लेमच्या कोपऱ्यांच्या खुणा, आणि काडेपेटीएवढा जीपीएस त्याला जोडलेला. आपण उभे असू तिथे लाल ठिपका. त्या भागातल्या हौशी मंडळींत तोवर असं कुणाकडे नव्हतं. लोक येऊन स्क्रीनवर वाकून बघायचे आणि मी छाती फुगवून समजावून सांगायचे.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी पश्चिमेकडच्या क्लेमचा मालक काकांशी वाद घालत उभा होता. चाळिशीचा, धडधाकट माणूस. त्याचं म्हणणं, खडक त्याच्या हद्दीत येतो. दोन्ही क्लेममधल्या हद्दीच्या कोपऱ्यावरचा खांब पूर्वी एका पुरात गेला होता. काका म्हणाले, "खांब खडकाच्या बराच पलीकडे होता. मीच ठोकला होता." तो म्हणाला, "दाखवा." आणि मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

मला कोण आनंद झाला! काकांची कागदपत्रं त्यांच्या पिकअपमध्ये होती. त्यात कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश त्याच जुन्या नकाशावरून मोजून लिहिलेले होते. मी आकडे टाकले, ओढ्यातून चालत गेले. लाल ठिपका नकाशावरच्या ओढ्याच्या निळ्या रेषेवरून माझ्याबरोबर छान चालत होता. खडकापाशी थांबले. खडक क्लेमच्या हद्दीबाहेर होता, चांगला चाळीस मीटर. मी वाईट वाटल्याचा चेहरा केला, पण खरं सांगायचं तर मनातून खूश होते. यंत्र चाललं होतं.

"सॉरी," मी काकांना म्हणाले, "पण यात शंका नाही. खडक तुमचा नाही."

काकांनी स्क्रीनकडे पाहिलंच नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं, मान हलवली, आणि पाण्यात उतरून आपला स्लूस बॉक्स, म्हणजे वाहत्या पाण्यात सोनं अडवणारी पन्हळ, तिथल्या दगडांतून सोडवायला लागले. नवरा मदतीला गेला तर त्याला हातानेच नको म्हणाले. आम्हाला तिथे थांबवेना. आम्ही निघालो.

परतीचा रस्ता मोठ्या नदीच्या काठाने, खोल दरीतून दक्षिणेला जातो. एरवी गाडीत बॅटरी वाचवायला मी यंत्र बंद ठेवत असे. त्या दिवशी ते नवऱ्याच्या मांडीवर चालूच राहिलं होतं.

"अगं, आपण नदीतून चाललोय," तो म्हणाला.

"काय?"

"हे बघ ना, डॉट नदीत आहे. रोड बाजूला राहिला."

"कॅन्यनमध्ये सिग्नल बाउन्स होतो रे."

"पाच मैल झाले यार. सारखा तेवढाच बाउन्स होतो?"

मी गाडी कडेला घेतली. मागच्या सीटवरून मूळ नकाशा ओढून त्याच्या कोपऱ्यातला बारीक मजकूर वाचला. नकाशा एकोणीसशे सत्तावीसच्या मोजणीवर आधारलेला होता. त्या मोजणीचे आकडे आणि उपग्रहांचे आकडे जुळत नाहीत. तेच अक्षांश-रेखांश उपग्रहांच्या हिशेबाने त्या भागात जवळजवळ नव्वद मीटर पूर्वेला सरकतात. प्रोग्राममध्ये ते बदलायची सोय होती, मीच लिहिलेली. ती निवडायची राहिली होती, म्हणून खडकाशी उभी असताना ठिपका मला तितकंच पश्चिमेला दाखवत होता. ओढा पूर्व-पश्चिम, चूकही पूर्व-पश्चिम, म्हणून ठिपका पाण्यावरच राहिला आणि मला शंका आली नाही. हीच चूक केली म्हणून ऑफिसातल्या एका मुलाला मी भर मीटिंगमध्ये फाडून खाल्लं होतं.

"उद्या फोन करू त्यांना," नवरा म्हणाला.

"फोन कसला? वळव म्हणायचं सोडून फोन काय करतोस?"

"गाडी तू चालवतेयस," तो म्हणाला.

परत पोचलो तेव्हा काकांचा बॉक्स पिकअपमध्ये चढलेला होता आणि खडकामागे शेजाऱ्याने आपला बॉक्स लावलेला होता. मी दोघांनाही हाक मारून एकत्र बोलावलं आणि सांगितलं, "मी चुकले. यंत्र नाही, मी." शेजारी हसला. "दोन तासांपूर्वी शंका नव्हती," तो म्हणाला. "आता कुठलं खरं धरायचं?" प्रश्न रास्त होता, आणि तरी मला त्याचा संताप आला.

मी सेटिंग बदललं आणि पश्चिमेला चालू लागले. खडकापासून सत्तर पावलांवर ठिपका हद्दीच्या रेषेला टेकला. समोर काटेरी झुडपांची जाळी होती. "इथे," मी म्हणाले. नवऱ्याने फावड्याने जाळी बाजूला केली, मी गुडघ्यांवर बसून हातांनी गाळ उपसला. मनगटं ओरबाडून निघाली. बऱ्याच वेळाने, आमच्या डावीकडे दोन हातांवर, नवऱ्याचं फावडं लाकडावर आपटलं. मोडलेल्या खांबाचा बुंधा होता, भोवती रचलेल्या दगडांसकट.

शेजाऱ्याने वाकून तो हलवून पाहिला. मग गेला आणि आपला बॉक्स उचलू लागला.

मला पुन्हा छाती फुगवावीशी वाटत होती. चूक माझी, पण ती दोन तासांत दुरुस्तही मीच केली, असं काहीतरी डोक्यात चाललं होतं. काका बुंध्याशेजारच्या दगडावर बसले होते, एका हाताने त्यावरची माती पुसत होते. मी जरा चिडूनच विचारलं, "तुम्ही स्वतः ठोकला होता ना हा? मग माझ्याशी भांडला का नाहीत?"

"तुझी इतकी खात्री होती," ते म्हणाले. "मला वाटलं, झालं, माझं डोकं जायला लागलं. माझ्या भावाचं असंच सुरू झालं होतं. तुम्ही गेल्यापासून मी पिकअपमध्ये बसून आठवून बघत होतो, आणखी काय काय विसरलोय ते."