‘साहेब, सांगा ना!’ विचारणारा दिगूदादा

शोकसभेत भाऊसाहेब बोलायला उभे राहिले, तेव्हा मी दिगूदादाच्या बायकोच्या, शुभावहिनींच्या शेजारी बसलो होतो. दिगूदादाला, म्हणजे दिगंबर शेट्येला, जाऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. रत्नागिरीतल्या वाचनालयाचं सभागृह गच्च भरलं होतं. भाऊसाहेब एके काळी शहरातल्या मोठ्या पदावर होते. रुमालाने डोळे टिपत ते म्हणाले, ‘‘मुलाखती पुष्कळांनी घेतल्या. पण माझ्या कामाचं मोल जाणलं ते एका दिगंबररावांनी. इतक्या आदराने मला कुणीच कधी प्रश्न विचारले नाहीत.’’ सभागृहात एकदम... कसं सांगू! माणसांनी माना खाली घातल्या. कुणाला खोकला आला, कुणी उगाचच चप्पल शोधायला वाकलं. वहिनींचे खांदे हलायला लागले. मागच्या रांगेतल्या बाईंनी हळहळत त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला जवळून दिसत होतं... तोंडाला पदर लावून वहिनी हसत होत्या. दिगूदादा गेल्यापासून पहिल्यांदाच.

ज्यांनी आमच्या स्थानिक केबल वाहिनीवरचा ‘साहेब, सांगा ना!’ हा कार्यक्रम पाहिला नसेल, त्यांना हे हसू कळायचं नाही. म्हणून थोडं मागे जातो. दिगूदादा विमा एजंट. गावोगाव स्कूटरवर फिरायचा आणि उत्सवातल्या नाटकांत कामं करायचा. मी लग्नामुंजींचं व्हिडिओ शूटिंग करणारा. आमची ओळख अशाच एका उत्सवातली. एक दिवस तो माझ्या दुकानात आला आणि म्हणाला, ‘‘अवी, मोठ्या माणसांवर टीका केली की ती चिडतात, बोलायचंच बंद करतात. आपण त्यांची नुसती स्तुती करूया. इतकी करूया, की बघणाऱ्याला आपोआप कळेल.’’

‘‘आणि त्यांना कळलं तर?’’ मी विचारलं.

‘‘स्तुती ऐकताना कुणाला काही कळतं काय रे मेल्या?’’

केबलवाले राजूशेठ तयार झाले, कारण कार्यक्रम फुकटात मिळत होता. दिगूदादा चापून भांग पाडायचा, खुर्चीच्या अगदी कडेवर बसायचा आणि मधाळ, लाचार आवाज लावायचा. त्याच्या पहिल्या मोठ्या पाहुण्यांपैकी एक हे भाऊसाहेब. शहरातल्या रस्त्यांची तेव्हा चाळण झाली होती. दिगूदादाने हात जोडून विचारलं, ‘‘साहेब, पूर्वी आपल्याकडची पोरं कशी बेफाम गाड्या हाकायची. आपल्या कारकिर्दीत सगळे सावकाश चालवायला लागले. एवढं मोठं परिवर्तन घडवलंत कसं? साहेब, सांगा ना!’’ भाऊसाहेब क्षणभर विचारात पडले. मग खुर्चीत नीट रेलून म्हणाले, ‘‘जनजागृती! सातत्याने केलेली जनजागृती.’’ कॅमेरा हलू नये म्हणून मी श्वास रोखून धरला होता. दिगूदादाच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. उलट तो आणखी पुढे वाकला आणि म्हणाला, ‘‘पावसाळ्यात तर लोक गाडीवरून उतरून चालत जातात, साहेब. त्यांच्या प्रकृतीचीही आपल्याला काळजी!’’ भाऊसाहेब लाजले. ‘‘असतो एकेकाचा स्वभाव,’’ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मासळीबाजारापासून कोर्टापर्यंत सगळीकडे ‘जनजागृती’ हाच शब्द. एखाद्याची गाडी खड्ड्यात आपटली की बाजूचा हात जोडून म्हणायचा, ‘‘साहेब, सांगा ना!’’ भाऊसाहेबांनी मात्र ती मुलाखत पेनड्राइव्हवर मागून घेतली. पाहुण्यांना दाखवायला.

सगळेच असे नव्हते. किनाऱ्यावरच्या एका गावात नव्या धक्क्याचा अर्धा भाग भरतीत वाहून गेला होता. त्याचे कंत्राटदार कार्यक्रमात आले. ‘‘साहेब, समुद्राकडून जागा घेतलीत आणि लगेच अर्धी परतही केलीत. निसर्गाचा इतका मान राखणारा माणूस मी पाहिला नाही,’’ दिगूदादा म्हणाला. कंत्राटदार खूश झाले आणि निसर्गावर भरभरून बोलले. पुढे ती चित्रफीत मोबाइलवरून फिरत मुंबईत त्यांच्या जावयाकडे पोचली. जावयाने सासऱ्यांना अर्थ समजावून सांगितला... आणि मग आभाळच कोसळलं. राजूशेठना फोन गेला. माफी मागा, नाहीतर वाहिनी कशी चालते ते बघतो. राजूशेठ घाबरले, त्यांचाही संसार त्यावरच होता. दिगूदादाचे विम्याचे दोन मोठे ग्राहक त्याच आठवड्यात दुसरीकडे गेले. मलाही लग्नाच्या एका मोठ्या कामाला नकार आला. दिगूदादाच्या घरी आम्ही सगळे बसलो होतो. राजूशेठ काकुळतीला येऊन म्हणाले, ‘‘दिगू, एक वाक्य बोल आणि मिटव.’’

दिगूदादाने वहिनींकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, ‘‘माझ्याकडे काय बघताय? तुम्ही खोटं काय बोललात, तेवढं आठवा.’’

दिगूदादा उठला आणि त्याने आमच्यासमोरच कंत्राटदारांना फोन लावला. नेहमीच्या मधाळ आवाजात नाही, साध्या. ‘‘माफी मागायला मी तयार आहे,’’ तो म्हणाला. ‘‘पण जिथे स्तुती केली तिथेच मागेन, कार्यक्रमात. तुम्ही समोर बसायचं आणि मी केलेल्या स्तुतीतला कुठला शब्द खोटा होता, तेवढं लोकांना सांगायचं. तेवढ्या शब्दाची माफी लगेच मागतो.’’ पलीकडून फोन बंद झाला. पुन्हा आला नाही. गेलेले ग्राहकही परत आले नाहीत, पण दिगूदादाने त्याचा एकदाही उल्लेख केला नाही. स्कूटर काढून तो आणखी लांबच्या गावांना जायला लागला, एवढंच. त्या माणसाचा कॅमेरामन मी होतो, हे मी आता लोकांना आपणहून सांगतो.

तो गेला तोही अचानक. मी संगमेश्वरला साखरपुड्याच्या कामाला निघालो होतो. वहिनींचा फोन आला. ‘‘अवी, हे उठत नाहीत रे...’’ एवढंच बोलल्या. हृदयविकाराचा झटका, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

शोकसभेनंतर राजूशेठनी ठरवलं की श्रद्धांजली म्हणून एक मुलाखत पुन्हा दाखवायची. सगळ्यांचं एकच मत, जनजागृतीची! वहिनी म्हणाल्या, ‘‘ती नको. सरपंचबाईंची दाखवा.’’ कुणाला ती चटकन आठवेना. मला आठवत होती. हेदवीच्या पुढच्या एका लहानशा गावातून नव्याने निवडून आलेल्या सरपंचबाई आल्या होत्या. उन्हाळ्यात त्यांच्या गावाला पाणी नसायचं. सरपंच म्हणजे साहेब, असं धरून दिगूदादाने सवयीने सुरुवात केली, ‘‘बाई, गावात पाण्याचा थेंब नाही, तरी घागरी कशा लखलखीत! हे कसं जमवलंत? सांगा ना!’’

बाईंनी पदर सारखा केला. प्रश्नात काही वाकडं असेल हे त्यांच्या मनातच आलं नाही. त्या म्हणाल्या, ‘‘चिंचेने घासतो आमी. लांबनं आणायचं पाणी, त्याला भांडं स्वच्छ नको?’’

खुर्चीच्या कडेवरून मागे सरकून दिगूदादा नीट बसला आणि साध्या आवाजात म्हणाला, ‘‘बाई, माझा प्रश्न चुकला. मला माफ करा. तुम्ही पाणी कुठून आणता, ते सांगाल?’’ ज्या माणसाने कंत्राटदारापुढे मान तुकवली नाही, त्याने इथे न मागता माफी मागितली. नंतर मी ते कापू का विचारलं, तर म्हणाला, ‘‘राहू दे. फटका कुणाला मारायचा आणि कुणाला नाही हे मला कळलं नव्हतं, ते लोकांनाही दिसू दे.’’ पुढे वर्षभराने त्या गावात नळ आला. ‘आपल्या मुलाखतीमुळे आला’ असं तो कधी म्हणाला नाही आणि मलाही म्हणू दिलं नाही.

परवा ती मुलाखत लागली, तेव्हा वहिनींनी मला घरी बोलावून घेतलं होतं. आम्ही दोघंच टीव्हीसमोर. डोंगर उतरून झऱ्यावर कसं जातात, रांग कशी लागते, हे सगळं सरपंचबाई सांगत होत्या आणि दिगूदादा ऐकत होता. शेवटी तो म्हणाला, ‘‘मी येऊन बघीन तुमचं गाव.’’

‘‘या की,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पण उन्हातून येऊ नका. आलात की आधी बसा, चहापाणी घ्या, मग दाखवते.’’

‘‘पाणीच नाही तर चहा कुठून देणार, बाई?’’

‘‘पावण्याला पुरेल एवढं ठेवतो आमी.’’

ओठ मिटून दिगूदादा नुसता बाईंकडे बघत राहिला. ती शांतता मी संपादनातही कापली नव्हती. वहिनी टीव्हीजवळ सरकून बसल्या आणि मुलाखत संपेपर्यंत हलल्या नाहीत.