दूधवाल्याच्या गाडीवरून सातपुड्यात

धरणगावच्या स्टँडवर धुळ्याची एसटी लागली, तसे आबा खिडकीतून आधी टॉवेल टाकून तिघांच्या बाकावर जाऊन बसले. आबा म्हणजे माझे वडील. आम्ही दोघंच होतो. कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि म्हणाला, "बाबा, टॉवेल काढा. तिसरा कोण आहे इथं?"

आबांनी हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं. "हाऊच शे. दीड माणूस शे." (हाच आहे. दीड माणूस आहे.)

अर्धी गाडी हसली. मीही हसलो. तोपर्यंत मला ती सवयच होती, कोणी हसायच्या आत आपण हसून घ्यायची. माझं वजन शंभर किलोच्या पुढे आहे आणि उंचीही तशीच आहे. आमच्या घरात आईकडून ही अंगकाठी आली. शेतात तिचं कौतुक होतं, कापसाचं गाठोडं एकट्यानं उचलतो म्हणून. जळगावच्या कॉलेजात मात्र तिचं काय करावं ते मला कळत नव्हतं. वर्गातले बाकसुद्धा दुसऱ्या कोणाच्या मापाचे होते.

त्या हिवाळ्यात आम्ही धुळ्याला मोटारसायकल घ्यायला निघालो होतो. कापूस बरा झाला होता आणि शेतात ये-जा करायला गाडी हवी, हे आबांनाही पटलं होतं. माझं कारण वेगळं होतं.

मी वनस्पतिशास्त्र घेऊन एम.एस्सी. करत होतो, विषय गवतांचा. ("मी जल्मभर गवत निंदत आलो आणि तू तेच शिकाले कॉलेजमा जास?" असं आबा म्हणत.) आदल्या वर्षी आमची सहल शिरपूरच्या वर सातपुड्यात गेली होती. पहिल्याच चढावर जीप अडकली. सर मागे वळून म्हणाले, "तू उतर बरं. गाडी हलकी करू." मी उतरलो. जीप वर गेली ती गेली. संध्याकाळपर्यंत मी चढाच्या पायथ्याशी सगळ्यांचे डबे राखत बसलो. यंदा प्रबंधासाठी इलाखे वाटून देताना सरांनी मला पारोळ्याकडचे शेतबांध दिले. मी उभा राहिलो आणि कसाबसा म्हणालो, "सर, मला डोंगर पाहिजे." ते माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, "तिथं वाहन लागतं. सोमवारपर्यंत वरच्या पाड्याजवळचे नमुने स्वतः जाऊन आण. आणलेस तर डोंगर तुझा."

पारोळ्याला गाडी थांबली. किल्ल्याच्या बुरुजावर ऊन आलं होतं. आईनं बांधून दिलेली कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) आम्ही स्टँडच्या कट्ट्यावर सोडली. सोबत वांग्याचं भरीत होतं, वर कांद्याची पात. आबा खाता खाता समोरच्या बाजाराकडे बघत होते. "बैल देखता येस माले," ते म्हणाले, "फटफटी कशी देखतस?" (बैल बघता येतो मला, फटफटी कशी बघतात?)

"तशीच," मी म्हणालो. मलाही माहीत नव्हतं.

धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत जुन्या गाड्या विकणारे इस्माईलभाई होते. पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांची रांग, मागे ऑइलचा वास. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आबांना खुर्ची दिली. मला दिली नाही. खुर्ची लोखंडी घडीची होती, त्यामुळे मीही मागितली नाही.

आधी मी नव्या धर्तीच्या शंभर सीसीच्या गाडीवर बसलो. कॉलेजातल्या पोरांकडे तीच असते. बसताच मागची बाजू खाली गेली आणि मडगार्ड टायरवर टेकलं. इस्माईलभाई वाकून बघत म्हणाले, "गाडी एकदम बढिया आहे, भाऊ. माणूस जास्त आहे."

शेजारच्या पंक्चरवाल्यानं हातातलं काम ठेवून हे ऐकलं. या वेळी मला आधी हसून घेता आलं नाही.

"तुमच्यासाठी ही," म्हणत इस्माईलभाईंनी साडेतीनशे सीसीची मोठी गाडी पुढे काढली. काळीभोर, टाकीवर सोनेरी रेघ. किक मारली तशी आबांच्या खुर्चीचे पाय थरथरले. आबा उठले, गाडीभोवती फिरले, पुढच्या दिव्यावरून बैलाच्या वशिंडावरून फिरवावा तसा हात फिरवला.

"हाई तुले शोभस," ते म्हणाले. "छाती देख तिनी." (ही तुला शोभते. छाती बघ तिची.)

सगळ्यांचं तेच म्हणणं होतं. जाड माणसाला जड गाडी. मी बसलो तर खरंच छान वाटलं. आरशात मी पहिल्यांदाच मोठा नाही, भारदस्त दिसत होतो. पण माझ्या डोक्यात तो चढ होता. तिथं ही पडली तर मी आणि ती मिळून किती होऊ?

"आबा," मी विचारलं, "बैल तुम्ही रिकाम्या गाडीला जुंपून घेता का?"

"कसा लेसू? भरेल गाडी, तीबी चिखलमा." (कसा घेईन? भरलेली गाडी, तीही चिखलात.)

"मग हिलाही तशीच बघू. पांझरेत."

इस्माईलभाईंना नदी पसंत नव्हती. ट्रायल डांबरीवर असते, असं ते दोनदा म्हणाले. पण आबा चालू लागले होते. बैलाच्या सौद्यात जो विकणारा चिखलाला नाही म्हणतो, त्याच्याकडून आबा आजवर काही घेत आले नव्हते.

पांझरेला त्या दिवसांत एका कडेनं बारीक धार असते, बाकी सगळी वाळू. मी काठावरून मोठी गाडी खाली उतरवली. पहिल्या झटक्याला ती ऐटीत गेली. मग वाळू मऊ झाली, मागचं चाक स्वतःचाच खड्डा खणत बसलं, मी पाय टेकला तो पोटरीपर्यंत आत गेला आणि आम्ही दोघं सावकाश आडवे झालो. उचलायला मी जोर केला. गाडी हलली नाही. शेवटी आबा, इस्माईलभाई आणि धुणं टाकून आलेला एक गृहस्थ असे सगळे लागलो तेव्हा ती उभी राहिली.

"बोललो ना," इस्माईलभाई कपाळ पुसत म्हणाले, "माणूस जास्त आहे."

माझ्या कानशिलांवर वाळू होती. मी म्हणालो, "माणूस आहे तेवढाच राहणार, भाई. गाडी दुसरी दाखवा."

हे मी इतकं मोठ्यानं म्हणालो की धुणाऱ्या बायांनी माना वळवल्या.

शेडकडे परतलो तेव्हा ती मला दिसली. सगळ्यात मागे, भिंतीला टेकलेली, रंग उडालेली पावणेदोनशे सीसीची गाडी. तिला दोन्ही बाजूंना लोखंडी आकडे वेल्डिंग केलेले होते, दुधाचे कॅन अडकवायला. मी मागून दाबून बघितली. दबली नाही. दूधवाल्यानं तिला जाड तारेच्या स्प्रिंगा टाकल्या होत्या, मागे मोठी चक्री बसवली होती, म्हणजे पळणार कमी पण ओढणार जास्त. टायर खोल नक्षीचा, हँडल उंच. मी बसलो. ती इंचभर खाली गेली आणि तिथंच थांबली. आयुष्यात पहिल्यांदा मी कशावर तरी बसलो आणि ते कुरकुरलं नाही.

"दूधवालानी गाडी?" आबांचा चेहरा पडला. "गावमा लोके हासतीन." (गावात लोक हसतील.)

"दोन भरलेले कॅन आणि वर तो दूधवाला. माझ्याहून जास्तच झालं की. हिनं ते रोज पाटाच्या वाटेनं वाहिलं. तेव्हा कोणी हसलं होतं का, आबा? कॅनला कोणी म्हणालं का, दूध जास्त आहे म्हणून?"

आबांनी एक आकडा ओढून बघितला. मग म्हणाले, "चाल. नदीमा."

तीही पडली. खोटं कशाला सांगू? वाळू पार झाली आणि पाण्याच्या धारेत शेवाळलेल्या गोट्यावरून चाक सटकलं. गरम सायलेन्सर पाण्यात फस्स झाला. आबा काठावरून निघाले, तसं मी हात वर करून त्यांना थांबवलं. एक हात हँडलला, दुसरा कॅनच्या आकड्याला. एकदा दम घेतला आणि उचलली. एकट्यानं. तिसऱ्या किकला ती सुरूही झाली.

आबा काठावर उभे होते. "ली ले मंग, भाऊ," एवढंच म्हणाले. (घे मग.)

सौदा झाला आणि आबा एसटीनं घरी गेले. मी रात्री धुळ्यातच राहिलो आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच शिरपूरच्या वाटेला लागलो. तापीच्या पुलावर इतकं धुकं होतं की नदी नुसती ऐकू येत होती. शिरपुरात चहाला थांबलो तर एक आजीबाई किटली घेऊन घरातून धावत आल्या. "दूध शे का हो भाऊ?" मी नाही म्हणालो. त्या माझ्याकडे आणि आकड्यांकडे आळीपाळीनं बघून रागानं म्हणाल्या, "मग फिरतोस कशाला?"

शिरपूर सोडलं की कपाशीची रानं मागे पडतात आणि सातपुडा समोर येतो, आधी निळा, मग तपकिरी. डांबरी संपली. मुरूम, मग नाला, मग तो चढ. मी ओळखला. कडेला तोच अंजनाचा वृक्ष होता, ज्याखाली मी डबे राखत बसलो होतो.

मी थांबलो. भीती वाटत होती. मग पहिला गिअर टाकला आणि सीटवरून उठून पायांवर उभा राहिलो. गोटे चाकाखालून उडत होते. अर्ध्यावर पुढचं चाक घसरलं, गाडी डावीकडे कलंडली, ब्रेकचा दांडा वाकला, कोपर सोलून निघालं. उचलली. दांडा दगडानं ठोकून जेमतेम सरळ केला. पुन्हा चढलो. दुसऱ्यांदा पडलो नाही. वळण घेतलं आणि एकाएकी समोर चढच नव्हता. उघडं पठार, आणि त्यावर कमरेइतकं, पिवळं, वाऱ्यानं एका बाजूला झुकलेलं गवत. जीपमधले सगळे जे बघून आले होते ते हे.

मी गाडी बंद केली आणि त्या गवतात चालत गेलो.

पाड्यावर खुमानदादा पावरा भेटले. वय झालेले, अंगानं काटक. त्यांनीही आधी विचारलं, "दूध कुठंय?" मी गवत न्यायला आलोय म्हटल्यावर ते खूप हसले. पण ते हसणं गवतावर होतं, माझ्यावर नव्हतं. दिवसभर ते माझ्याबरोबर फिरले. दुपारी त्यांच्या अंगणात मक्याची भाकर आणि उडदाची डाळ जेवलो. खाट पुढे केली तेव्हा मी जरा थबकलो. त्यांनी ते पाहिलं.

"बस रे," ते म्हणाले. "सागाची आहे."

परतताना मी चोपड्यावरून आलो. केळीच्या बागांमधून रस्ता गार होता. वर्तमानपत्रांत दाबलेल्या गवतांचे गठ्ठे मी दोन पोत्यांत भरून दोन्ही आकड्यांना अडकवले होते, आणि वाटेत आणखी दोघांनी दूध मागितलं. गावात आबा पारावर बसले होते. कोणीतरी ओरडलं, "काय आबा, दुधाचा धंदा काढला का?" आबा शांतपणे म्हणाले, "गवतना काढा शे. डोंगरवरथून आणेल शे." (गवताचा काढला आहे. डोंगरावरून आणलं आहे.)

सोमवारी जळगावला सरांच्या टेबलावर मी गठ्ठे सोडले. ते एकेक कागद उलटत गेले. पठाराचं ते पिवळं गवत आलं तेव्हा चष्मा काढून त्यांनी ते खिडकीशी नेलं. "वर गेलास तर," ते म्हणाले. मग मला इलाख्याचा नकाशा दिला आणि गाडी बघायला माझ्याबरोबर खाली आले. ते अंगानं अगदी किरकोळ. सीटवर बसून त्यांनी दोन-तीनदा उडी मारून पाहिलं. गाडी हलली नाही.

"फार कडक आहे रे ही."

"माझ्या मापाची आहे, सर."

धुळ्याच्या त्या शेडपासून मी एक गोष्ट मनाशी धरून आलोय. जिथं जिथं मला जास्त म्हटलं, तिथं बहुतेक वेळा एखादी स्प्रिंग कमी होती. ती बदलता येते. मी का बदलू?

सर अजून सीटवरच होते. "पुढच्या आठवड्यात तुझी जागा बघायला येतो. तुझ्यामागे बसेन."

"या ना, सर," मी म्हणालो. "फक्त अंजनापासच्या चढावर तुम्हाला उतरावं लागेल. गाडी हलकी करायला."