गव्हर्नरच्या उरावर वाळवण

कांचनताई मूळच्या नागपूरच्या. अमेरिकेच्या ताब्यातल्या सेंट क्रॉय बेटावर लेकीकडे, अनयाकडे, राहायला आल्या, तेव्हा समुद्राचं त्यांना फारसं कौतुक वाटलं नाही. ऊन पाहून मात्र जीव भांड्यात पडला. आधी मुख्य अमेरिकेत, फ्रिस्को शहरात मुलाकडे, ईशानकडे, राहून झालं होतं. तिथेही ऊन कडक, पण अंगणात वाळवणाला चादर पसरली रे पसरली की कॉलनीच्या कमिटीची नोटीस.

इथे अनयाच्या अपार्टमेंटमागे जुनं चर्च होतं आणि आवाराच्या कोपऱ्यात कमरेइतका उंच, सपाट दगडी ओटा. वरची अक्षरं पार झिजलेली. क्रूसवाल्या कबरी पलीकडे, त्यामुळे शंकाही आली नाही. त्यांनी ओटा धुतला, धुवट फडकं अंथरलं, साबुदाण्याच्या पापड्या घातल्या. बेटावर मोकाट कोंबड्या फार, म्हणून काठी घेऊन शेजारी बसल्या.

दुसऱ्या खेपेला मिस अल्मा आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, चर्चची देखभाल त्यांच्याकडे.

"गव्हर्नरला जेवायला वाढलंय का?"

"कुठला गव्हर्नर?"

"खाली झोपलाय तो. अमेरिकेनं बेट घेण्याआधी इथे डेन्मार्कचं राज्य होतं, तेव्हाचा."

कांचनताईंनी पापड्यांसकट फडकं उचललं. पहिल्या खेपेच्या पापड्या एकादशीला तळून खाल्ल्या होत्या! घरी येऊन आधी डोक्यावरून आंघोळ केली.

अनया या बेटावर नवीन डॉक्टर. ती भडकलीच. "आई, कबरीवर पापड्या? माझे अर्धे पेशंट त्या चर्चचे आहेत! मी ईशानला फोन करते, तू जा फ्रिस्कोला."

"तिकीट काढू नकोस," कांचनताई म्हणाल्या. "मी घातलेला घोळ मीच निस्तरते."

रविवारी प्रार्थना सुटली तेव्हा त्या फाटकाशी उभ्या होत्या, एका हातात नारळाच्या वड्यांचा डबा, दुसऱ्यात झाडू.

"मला माहीत नव्हतं, मिस अल्मा. आता दर शनिवारी त्याची कबर मी झाडून देईन."

"झाडू ठेवा तो! माझी खापरपणजी गुलाम होती त्याच्या घरी. तिनं झाडलंय तेवढं पुरे." मिस अल्मांनी वडी तोंडात टाकली. "साखर जास्त झालीय."

"तुम्हा लोकांना गोड लागतं, म्हणून घातली."

मिस अल्मा हसल्या. "दगडावर पुन्हा काही घालायचं नाही. माझ्या अंगणात टेबल आहे, मासे साफ करायचं. ते घ्या."

"मासे?" कांचनताईंनी विचारलं. "चालेल. पण घासणार मी. उपासाचं आहे."

सोमवारी त्यांनी ते टेबल चिंच लावलावून घासलं, वास जाईपर्यंत. पापड्या घातल्या. काठी घेऊन मिस अल्माच खुर्चीत बसल्या.

फ्रिस्कोचं नाव अनयानं पुन्हा काढलं नाही. संध्याकाळी मिस अल्मांच्या अंगणातून पापड्या आणायला गाडी घेऊन तिलाच जावं लागलं.