मीनाची अट

हिंगोलीकडून आलेला धर्मराज खंदारे जासईच्या कंटेनर यार्डात क्रेन चालवायचा. पन्नाशी उलटली, पण अंग दुखतंय म्हणून तो कधी घरी बसला नव्हता. धाकट्या बहिणीला, मीनाला, त्यानंच इकडे आणून रबाळ्याच्या एका कारखान्यात कामाला लावलं होतं. तिला आतड्याचा कॅन्सर निघाला तेव्हा सगळी धावपळही त्यानंच केली. ऑपरेशन नीट पार पडलं. पुढे केमो सुरू करायची वेळ आली, तर मीना अडून बसली.

“सख्ख्या भावंडांनीपण तपासून घ्यावं, असं डॉक्टर म्हणाल्यात. दादा, आधी तू तपासून ये. मग मी सलाईन लावून घेते.”

“मला काय धाड भरलीय?”

“मला तरी कुठं काय कळलं होतं?”

 बहिणीची समजूत पटावी, एवढ्याचसाठी तो तयार झाला. आदल्या दिवशी आतडं साफ करायला जुलाबाचं औषध पिऊन रात्रभर हैराण झाला आणि बायकोवर, भागीरथीवर, उगाच डाफरला.

मागून कॅमेऱ्याची नळी घालून आतडं बघायच्या या तपासणीला डॉक्टर ऋता होत्या. बाईमाणूस म्हणून तो आधी संकोचला. इंजेक्शनानं गुंगी आली होती, पण कुशीवर पडल्या पडल्या समोरचा स्क्रीन दिसत होता. आतडं गुलाबी, ओलं, चकचकीत होतं.

“साफ आहे की,” तो पुटपुटला.

“दिसतंय तरी साफ,” नळी हळूहळू मागे घेत डॉक्टर म्हणाल्या.

तेवढ्यात यंत्र बारीक वाजलं. स्क्रीनवर आतड्याच्या एका घडीच्या कडेला हिरवी चौकट उमटली.

“हे काय?”

“कॉम्प्युटरला तिथं काहीतरी शंका आलीय. कधी कधी उगाचही येते. बघते.”

त्यांनी नळी पुन्हा आत सरकवून त्या जागी पाणी मारलं. धर्मराजला आधी काहीच दिसेना. मग दिसली, भिंतीला चिकटून बसलेली एक चपटी गाठ, रंग आतड्याचाच. 

“माझ्या नजरेतून ही निसटली असती,” डॉक्टर हळूच म्हणाल्या.

 हे पोट आपलंच आहे, हे धर्मराजला खरंच वाटेना. नळीतून घातलेल्या तारेच्या फासानं ती गाठ काढताना काही दुखलं नाही, तरी त्यानं डोळे गच्च मिटून घेतले.

आठवड्यानं रिपोर्ट आला. गाठीत कॅन्सर झाला नव्हता, पण ती त्याच वाटेवर होती. गाठ पूर्ण निघाली होती. इथून पुढे मात्र ठरल्या वेळी तपासत राहायचं होतं.

तो रिपोर्ट घेऊन मीनाकडे आला. त्याच्या तोंडाकडे बघूनच ती समजली.

“तुला पण निघालं?”

“गाठ होती. काढली. वाचलो.”

मीना पांढरीफटक पडली. मग म्हणाली, “दादा, मला केमोची धास्ती बसली होती रे. तू काय तपासायला जायचा नाहीस, असं वाटलं, म्हणून अट घातली. तुला काही असेल, हे मनातपण नव्हतं.”

धर्मराजला राग येईना, हसूही येईना.

त्याच दुपारी दवाखान्यात मीनाची केमो सुरू झाली. धर्मराजनं बाहेर येऊन गावी थोरल्या भावाला, देवजीला, फोन लावला.

“इकडं निघून ये.”

“का रे? मला कुठं काय झालंय?”

“काही झालं नसलं तरी ये,” एवढंच तो म्हणाला.