जेवणानंतर डोळे बंद

हमरापूरला आमचा गणपतींचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड, आणि मी तिची मुख्य, कारण सगळ्यात जास्त मीच बोलते. मूर्तीचे डोळे आखायचं काम मात्र एकाच बाईचं. माहेर रोह्याचं, हात असा की विचारू नका.

तर सण जवळ आला तशी ती जेवायलासुद्धा उठेना. डबा मांडीवर, ब्रश हातात. म्हटलं, पड जरा. तर म्हणते, "नाय गो काकी. मी पडले की तू डोळे दुसरीला देशील."

मग आमच्या मूर्ती विकत घेणारे रोह्याचे शेट माल बघायला आले. मूर्तींच्या रांगेसमोर बराच वेळ उभे राहिले. "काकी, हे बाप्पा रात्रपाळी करून आलेत काय? आमच्याकडं कंपनीतनं सुटलेली माणसं अशीच दिसतात."

बघितलं तर खरंच, पापण्या सगळ्यांच्या खाली आलेल्या. तिने उजवा हात पदराखाली घेतला. हात कापत होता. शेट गेल्यावर हळूच म्हणाली, "हातच गेला तर गो काकी?"

दुसऱ्या दिवशी मी जाहीर केलं, "आजपासून जेवणानंतर डोळे बंद."

तिचा चेहराच उतरला. "माझे?"

"सगळ्यांचे. माझे पण."

पण मी बसलेली असताना आडवी कोण होणार? म्हणून आधी मलाच गोणपाटावर पडावं लागलं, वर गप्पही राहावं लागलं. ते जास्त अवघड. एक बाई माझ्या कपाळाला हात लावून गेली. "काकी बोलत नाय, बरी हाय ना?"

बाकीच्या हळूहळू पेंगल्या. ही मात्र ब्रश छातीशी धरून पत्र्याकडे बघत राहिली. शेवटी मी तो ब्रश घेतला आणि माझ्या उशाखाली ठेवला. "आता दुसरीला द्यायचा तर आधी मला उठवायला लागेल. आणि मला उठवायची कोणाची हिंमत हाय?"

त्यावर तिने जरा विचार केला आणि घोरायला लागली.

पुढच्या आठवड्यात शेट आले ते भर दुपारी. ब्रश रोजच्यासारखा माझ्या उशाखाली होता. मी ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी नव्या रांगेवरून नजर फिरवली, मग आमच्यावरून. "आता बाप्पा जागे नि कारखाना झोपलेला," असं पुटपुटले आणि पोत्याला टेकून बसले. नंतरचं मला माहीत नाही, कारण माझाही डोळा लागला.

कोणीतरी खांदा हलवला. तीच होती. उजवा हात पुढे केलेला, अगदी स्थिर.

"ऊठ गो काकी. डोळे दे माझे."