ताईचे दोन दात

ताई पार्लरमध्ये बायकांच्या ओठांवरची लव काढायची. दोऱ्याचं टोक दातात धरून इतका सफाईदार हात चालवायची की बाई डोळे मिटून पडायची. परवा नवऱ्याने ठोसा मारून तिचे समोरचे दोन दात पाडले. आज ती दोरा गळ्यात अडकवून कामाला भिडली. हात तसूभरही चुकला नाही.

तरी मालकीणबाईंनी तिला अर्ध्या कामातून उठवलं. "काम झकास आहे गं, पण तुझं तोंड बघून गिऱ्हाईक बिचकतं. दात बसवून घे, मग ये."

"आणि ज्यानं पाडले, त्याचं काय?"

"ते तुमचं घरातलं. इथं नको आणूस."

ताईने पिशवी उचलली.

खुर्चीतली बाई ओरडली, "अगं, उरलेली मिशी कोण काढणार?"

"मालकीणबाई काढतील. त्यांचे दात शाबूत आहेत," ताई म्हणाली आणि निघाली.